कुत्र्याला फिरवताना घालायचा लांब रेनकोट: निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

लांब रेनकोट घेताना बहुतेकजण आरशासमोर ताठ उभे राहून बघतात. कुत्रा सोबत असला की ताठ उभं राहायला मिळतं कुठे? एक हात पट्ट्याबरोबर पुढे ओढला जातो, शी उचलायला वाकावं लागतं, मध्येच चार पावलं पळावं लागतं आणि एखाद्या खांबापाशी त्याचं हुंगून होईस्तोवर पावसात ताटकळावं लागतं. कोट फसतो तो बहुधा या हालचालींत. कापड क्वचितच दोषी असतं.

तरी कापडाचं आधी उरकून घेऊ. लेबलवरचा ५,०००, १०,००० किंवा २०,००० मिलिमीटर हा आकडा म्हणजे पाण्याचा तेवढ्या उंचीचा स्तंभ पेलेपर्यंत कापड झिरपत नाही. ५,००० रिमझिमीला पुरतं, चांगल्या पावसात तासभर फिरायचं तर १०,००० घ्यावं. २०,००० ची गरज पडते ती दाबामुळे: ओल्या बाकावर बसलात, गुडघा टेकलात किंवा खांद्यावर पिशवीचा पट्टा असला, की तिथे पाणी कापडात दाबलं जातं. नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेला कोट सरीपुरता. आकड्याइतक्याच महत्त्वाच्या शिवणी. कोट उलटा करून सगळ्या शिवणींवर आतून टेप आहे का ते पाहा. काही कोटांत फक्त खांदे आणि हूडच्या शिवणींना टेप असते; लांब कोटात वरचं सगळं पाणी ओघळत खालच्या शिवणींवर येतं, म्हणून तिथली काटकसर परवडत नाही.

‘जितका लांब तितका बरा’

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. पोटरीखाली गेलेला कोट वाकलं की जमिनीला टेकतो, त्याची कड चिखल उचलते आणि उडी मारणाऱ्या कुत्र्याचे पंजे तिच्यात अडकतात. लांबी पायातल्या बुटांवरून ठरवा. उंच गमबूट घालत असाल तर कोटाची कड बुटाच्या तोंडाच्या किमान ४-५ सेंटिमीटर खाली यायला हवी. ती वर राहिली तर कोटावरून ओघळलेलं पाणी थेट बुटात. घोट्यापर्यंतचेच बूट असतील तर गुडघ्याखाली चार बोटं एवढी लांबी बास झाली. पोटऱ्यांसाठी जलरोधक पँट वेगळी घ्यावी आणि तिचे पाय बुटांच्या बाहेर ठेवावेत. पाणी फक्त वरून येत नाही हेही लक्षात असू द्या. ओला कुत्रा शेजारी उभा राहून अंग झटकतो तेव्हा मांड्या-गुडघ्यांवर खालून फवारा बसतो, आणि कोटाची पुढची झडप अरुंद असेल तर तो चेनीतून आत शिरतो.

लांब कोटात पाय मोकळा पडायला हवा, त्यासाठी मागे किंवा बाजूला चीर लागते. नुसती चीर वाऱ्यात उघडी पडते. तिला आतून कापडाची कळी जोडलेली असावी किंवा बंद करायला टिचबटणं असावीत. दुकानातच उकिडवं बसून बघा. मांडीवर कापड ताणलं गेलं तर तो कोट नको.

पुढची चेन खालूनही उघडणारी असली तर उत्तम: पळताना खालून २५-३० सेंटिमीटर मोकळी करता येते. अशी चेन ‘लागतच नाही’ ही तक्रार मात्र नेहमीची, आणि चेन बहुधा शाबूत असते. तिला दोन सरक्या असतात. दोन्ही अगदी तळाशी, एकमेकींना चिकटून आणा, दुसऱ्या बाजूची पिन दोन्हींतून तळापर्यंत घाला आणि मग फक्त वरची सरकी ओढा. खालची सरकी जराशी वर राहिली तरी पिन पूर्ण बसत नाही, आणि जोर केला की दात सुटतात.

हात, डोकं, खिसे

कोट घालून, चेन लावून, हात खांद्याच्या उंचीला पुढे ताणा, कुत्र्याने जोरात ओढल्यासारखा. मनगटाचं हाड झाकलेलं राहिलं पाहिजे. बाही आखूड वाटली म्हणून मोठा साइज घेण्याआधी काखेकडे पाहा. हात ताणल्यावर अख्खा कोट वर उचलला जात असेल तर दोष काखेच्या कापात आहे; मोठ्या साइजने फक्त घेर वाढेल. मनगटाला वेल्क्रोची पट्टी हवी, नाहीतर हात वर गेला की पाणी कोपरापर्यंत धावतं. वेल्क्रोत कुत्र्याचे केस भरले की पकड जाते. पट्टी बदलायची गरज नाही, जुन्या टूथब्रशने किंवा बारीक दातांच्या कंगव्याने केस काढा.

हूड घालून डावीकडे मान वळवा. रस्त्याऐवजी हूडचं अस्तर दिसलं तर मागून आवळायची दोरी नाही किंवा ती सैल आहे. मागून येणारी सायकल न दिसणं हे भिजण्यापेक्षा वाईट.

खिसा एका हाताने उघडता आला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात पट्टा असतो. चेनीपेक्षा चुंबकाची किंवा टिचबटणाची झडप सोयीची. ती खिशाच्या तोंडावर दोन बोटं तरी उतरायला हवी. खाऊचा खिसा वेगळा ठेवा आणि घरी आल्यावर रिकामा करा. विसरलेल्या एका तुकड्यासाठी खुंटीवरचा कोट कुरतडला गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

नखांसाठी बाहेरचं कापड ७० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) किंवा त्याहून जाड असावं. २० डेनियरचं हलकं कापड एका उडीत फाटू शकतं. आतून लोकरीसारखं अस्तर छान वाटतं, पण ते केस सोडत नाही. गुळगुळीत अस्तर घ्या, ऊब हवी तर आतून वेगळा स्वेटर. मेणकापडाचा कोट नखांना दाद देत नाही, पण मशिनमध्ये धुता येत नाही आणि अधूनमधून मेण लावावं लागतं.

आतून ओलं लागतंय? आधी कारण शोधा

कोट गळतो असं म्हणण्याआधी ओल कुठे आणि कशी आहे ते पाहा. पाठीवर, काखेत आणि हातांवर सारखी पसरलेली बारीक ओल म्हणजे घाम. शिवणीच्या रेषेत ओल असेल तर टेप सुटली आहे. पोटावरचा किंवा मांडीवरचा डाग चेनीतून वा खिशातून आलेला. खात्री करायची तर संशयित जागेचं कापड वाटीसारखं धरा, बाहेरची बाजू वर ठेवून त्यात पाणी ओता, खाली टिश्यू ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. टिश्यू कोरडा राहिला तर ती जागा निर्दोष.

घामाच्या तक्रारीमागे बऱ्याचदा बाहेरचा पाणी झटकणारा थर गेलेला असतो. नव्या कोटावर थेंब गोळा होऊन घसरतात. थर गेला की कापड गडद होतं, पाणी पिऊन बसतं आणि आतली वाफ बाहेर पडू देत नाही. सॉफ्टनरने हे आणखी बिघडतं. लेबल पाहून, चेन लावून, जलरोधक कपड्यांसाठीच्या द्रव साबणाने धुवा आणि दोनदा खळबळून काढा. लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर वीसेक मिनिटं फिरवा. उष्णतेने थर पुन्हा जागा होतो. तरीही थेंब गोळा होत नसतील तेव्हाच हा थर पुन्हा देणारा स्प्रे आणा.

सुटलेली टेप आधी स्पिरिटने पुसा, मग शिवणीवर सीलर, म्हणजे फटी बुजवणारा द्रव, लावा. पॉलियुरेथेन लेप असलेल्या कापडाला पॉलियुरेथेन सीलर, सिलिकॉन लेप असलेल्याला सिलिकॉनचाच. सिलिकॉनवर दुसरं काही टिकत नाही. फाटल्यावर ठिगळ लावताना त्याचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचकटतो.

आतला लेप चिकट लागतो, आंबूस वास येतो, पापुद्रे सुटतात, तर तो ओलाव्याने कुजला आहे. ओला कोट घडी करून गाडीत किंवा पिशवीत ठेवल्याने हे लवकर होतं. तिथे सीलर, स्प्रे कशाचाच उपयोग नाही, कोट बदलावाच लागतो.