शेतीकामातून सर्वांचं मैदान: आखणी कशी करावी

भिंतीवर बैलजोडी रंगवली म्हणून मुलांच्या खेळाचं मैदान शेतीचं होत नाही. शेतातलं काम मुलांच्या हाती आलं पाहिजे. एक जण हातपंप हापसतो, दुसरा दारं धरतो म्हणजे पाटाचं पाणी हवं तिकडे वळवतो, तिसरा पेरतो. अशा कामात पळणारं मूल आणि व्हीलचेअरवरचं मूल आपसूक एकाच खेळात येतात.

सुरुवात वाटेपासून करा, खेळणी नंतर. मुख्य वाट १.८ मीटर रुंद ठेवली की दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जातात. प्रत्येक खेळण्यापाशी वळायला १.५ मीटर मोकळी जागा सोडा. वाळू आणि खडीत व्हीलचेअरची पुढची लहान चाकं रुततात, म्हणून वाटेला पक्का, न घसरणारा पृष्ठभाग हवा आणि झोपाळ्याखाली रबराचा थर.

बैलगाडी सगळ्यांनाच हवी असते आणि घोळही तिथेच होतो. साटा, म्हणजे गाडीत बसायचा सपाट भाग, ४५ सेंटीमीटर उंच ठेवला, तर १:१२ उतारासाठी (१२ सेंटीमीटर लांबीला १ सेंटीमीटर चढ) ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो. एवढी जागा नसेल तर रॅम्प उभट करू नका. चाकं जमिनीत अर्धी गाडल्यासारखी बसवून साटा वाटेच्या पातळीला आणा. चाकाच्या आऱ्यांमध्ये ९ ते २३ सेंटीमीटर फट राहिली, तर मुलाचं अंग त्यातून जातं आणि डोकं अडकतं. आतून फळी मारून ती बंद करा.

पाण्याचा पाट उंचावर घ्या. काठ जमिनीपासून जास्तीत जास्त ७८ सेंटीमीटर. खाली गुडघ्यांसाठी किमान ६१ सेंटीमीटर उंच, ४३ खोल आणि ७६ रुंद पोकळी. पाट ८ ते १० सेंटीमीटर खोल पुरतो, उतार मीटरला १ सेंटीमीटर. मध्ये सरकत्या फळ्यांची दारं बसवा. फळीची मूठ जाड हवी, म्हणजे ज्याची बोटं नीट वळत नाहीत त्यालाही ती सगळ्या पंजाने धरता येते. पाटाचं शेवटचं पाणी शोषखड्ड्यात किंवा झाडांना सोडा, नाहीतर चिखल होतो आणि वाट बंद पडते. पाणी कुठेही साठू देऊ नका; डास होतात.

त्याच उंचीवर तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, बसवा: वर बी ओतायचं एक चाडं आणि खाली तीन नळे. बियाण्याऐवजी वाळू ओतायची, कारण धान्याला उंदीर लागतात आणि लहान मुलं दाणे नाकात घालतात. नळे ५ सेंटीमीटर व्यासाचे आणि काढून धुता येतील असे घ्या. ओली वाळू अरुंद नळ्यात हमखास तुंबते. एक नळा पारदर्शक ठेवलात तर ऐकू न येणाऱ्या मुलालाही वाळू कुठे पोहोचली ते कळतं, आणि नळ्याच्या टोकाशी पत्रा लावला की न दिसणाऱ्याला ती पडल्याचं ऐकू येतं.

खरी जुनी अवजारं मात्र मुलांच्या हाती देऊ नका. नांगराच्या फाळाला धार असते, लोखंड गंजलेलं असतं, लाकडाची कूस लागते. मापं घेऊन गोल कडांच्या प्रतिकृती बनवून घ्या. त्या कशा धरायच्या हे सांगायला वयस्क शेतकऱ्यांना आखणीच्या पहिल्याच बैठकीत बोलवा, अपंग मुलांना आणि त्यांच्या पालकांनाही तेव्हाच.

गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी पाटापासून दूर एक खोप करा, तीन बाजूंनी बंद, पण बाहेरून आतलं मूल दिसेल अशी. कुंपणाला कण्हेर किंवा एरंड लावू नका, दोन्ही विषारी आहेत.

पक्कं बांधकाम करण्याआधी जमिनीवर चुन्याने सगळं आखा आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला फाटकापासून तिफणीपर्यंत एकट्याने जाऊ द्या. ते जिथे थांबेल, तिथली रेघ पुसून पुन्हा आखा.