फायनान्शियल प्लॅनिंग शिकायचंय? बारावीनंतर डिग्री कशी निवडायची आणि तीन वर्षं काय करायचं

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, ताई मला फायनान्शियल प्लॅनर, म्हणजे लोकांच्या पैशाचं नियोजन करून देणारा व्हायचंय, कुठली डिग्री करू? दरवेळी फोनवर अर्धा तास बोलते, म्हणून आता एकदा नीट लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडे नेमकी "फायनान्शियल प्लॅनिंग" याच नावाची डिग्री फार थोड्या ठिकाणी मिळते, त्यामुळे नावावरून शोधत बसलात तर ॲडमिशनच्या तारखा निघून जातील. ही डिग्री आपली आपणच जोडून घ्यायची असते. एक कॉलेजची डिग्री, दोन-तीन परीक्षा आणि एका खऱ्या घराचे कागद. या तिसऱ्या गोष्टीबद्दल कोणीच सांगत नाही आणि मी तर खरं काम तिथेच शिकले.

मुंबई युनिव्हर्सिटीत तीन कोर्स यासाठी जवळचे आहेत. बीकॉम फायनान्शियल मार्केट्स म्हणजे बीएफएम, बँकिंग अँड इन्शुरन्स म्हणजे बीबीआय, आणि अकाउंटिंग अँड फायनान्स म्हणजे बीएएफ. बीएफएममध्ये शेअर, बाँड, डेरिव्हेटिव्ह, म्युच्युअल फंड यावर जोर, बीबीआयमध्ये बँक आणि विमा, बीएएफमध्ये अकाउंट्स, कॉस्टिंग, टॅक्स, ऑडिट. नाव बघून सगळे बीएफएमकडे धावतात, पण माझं मत जरा वेगळं आहे. मार्केट स्वतः वाचून बऱ्यापैकी शिकता येतं, टॅक्स मात्र कोणीतरी समोर बसवून शिकवलेला बरा. प्लॅनरकडे येणाऱ्या माणसाचा निम्मा प्रश्न टॅक्सचाच असतो, पगार, घरभाडं, गावची जमीन विकली त्याचे पैसे, बाबांच्या एफडीवर कापलेला टीडीएस. म्हणून ज्या कॉलेजमध्ये टॅक्स चांगला शिकवतात तिथे साधं बीकॉम मिळालं तरी घ्या, आणि सातारा, लातूर, रत्नागिरीत राहणाऱ्यांनी फक्त कोर्सच्या नावासाठी मुंबई-पुण्यात खोली घेऊन राहायची अजिबात गरज नाही. बीबीए किंवा बीएमएस करायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की २०२४-२५ पासून ते एआयसीटीई या तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय संस्थेखाली गेलेत आणि महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा सुरू झालीय, तिचा फॉर्म बारावीच्या गडबडीत सुटतो आणि मग मुलं हळहळत बसतात.

कॉलेज ठरवण्याआधी सिलॅबसची प्रिंट काढा आणि पेन घेऊन बसा. विमा, टॅक्स, गुंतवणूक, रिटायरमेंट, मृत्युपत्र आणि वारसा हे पाच विषय त्यात कुठे कुठे आहेत त्यावर टिक करा. शेवटचा बहुतेक कुठेच सापडणार नाही. जे सापडलं नाही ते आपल्याला बाहेरून शिकायचंय, तीच आपली यादी.

आता वर्षावर्षाचं सांगते.

पहिल्या वर्षी एक्सेल आणि पैशाचं काळानुसार बदलणारं मूल्य, एवढंच पक्कं करा, शेअर बाजाराच्या टिप्सचे ग्रुप जॉइन करू नका. आज घरखर्च महिना ३०,००० असेल आणि महागाई दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढली तर २५ वर्षांनी तोच खर्च जवळपास १,२९,००० होतो, हे स्वतःच्या हाताने एक्सेलमध्ये काढून बघा. हा आकडा ऐकला की समोरच्या काका-काकूंचा चेहरा बदलतो, म्हणून तो आपल्याला आधी कळलेला असला पाहिजे. एफव्ही (पुढे किती होतील), पीएमटी (हप्ता किती), रेट (दर किती), एक्सआयआरआर (वेगवेगळ्या तारखांना भरलेल्या पैशावरचा दर) ही एक्सेलची चार फंक्शन झोपेतही आली पाहिजेत.

दुसऱ्या वर्षी एनआयएसएमची, म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने काढलेल्या प्रशिक्षण संस्थेची, फाइव्ह-ए ही परीक्षा द्या. म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे फंड विकणाऱ्याची परीक्षा आहे ती, १०० मार्क, ५० ला पास, वर्कबुक एनआयएसएमच्या साइटवर फुकट मिळतं. रजिस्ट्रेशनला पॅन कार्ड लागतं, नसेल तर आधी ते काढून घ्या. डिस्ट्रिब्युटर व्हायचं नसलं तरी द्या, कारण एनएव्ही, एक्झिट लोड, एक्स्पेन्स रेशो हे शब्द कॉलेजच्या नोट्समध्ये तोंडपाठ होतात आणि या वर्कबुकात कळतात.

तिसऱ्या वर्षी टेन-ए आणि टेन-बी बघायच्या, या एनआयएसएमच्याच, इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझरच्या म्हणजे गुंतवणूक सल्लागाराच्या परीक्षा. ६० टक्क्यांना पास आणि निगेटिव्ह मार्किंग आहे, त्यामुळे अंदाजपंचे उत्तरांवर टिक करायची सवय तिथे महागात पडते. सेबीचे ॲडव्हायझरचे नियम २०१३ चे, त्यात आधी पोस्टग्रॅज्युएशन आणि अनुभव मागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये ती अट सैल केली आणि आता ग्रॅज्युएट माणूसही या परीक्षा देऊन रजिस्ट्रेशनसाठी अर्ज करू शकतो. मुलांसाठी हा फार मोठा बदल आहे आणि कित्येक कॉलेजांत अजून जुनंच सांगतात. सीएफपी, म्हणजे सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर, करायचं असेल तर त्याची तयारी डिग्री चालू असतानाच सुरू करता येते, पण सर्टिफिकेट लगेच हातात पडत नाही, ग्रॅज्युएशन आणि कामाचा अनुभव पूर्ण व्हावा लागतो. घाई करू नका.

टॅक्सची कलमं मात्र घोकू नका. १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ आलाय, १ एप्रिल २०२६ पासून लागू, म्हणजे जी मुलं नुसते कलमांचे नंबर पाठ करून पास झाली त्यांना सगळं परत शिकायचंय, आणि ज्यांना सूट का मिळते, कोणाला मिळते हे कळलं होतं त्यांना फक्त नवा नंबर बघायचाय.

आता घराच्या कागदांचं.

मी एसवायला होते, डोंबिवलीला आमच्या घरी. एका रविवारी बाबांना म्हटलं, कपाटातली ती निळी फाइल द्या ना, प्रॅक्टिस करायचीय. त्यात एक विमा पॉलिसी होती, वर्षाला २४,००० चा हप्ता, २० वर्षं, शेवटी अंदाजे साडेआठ लाख मिळणार. बाबा म्हणाले, बघ, चार लाख ऐंशी हजार भरायचे आणि जवळजवळ दुप्पट येणार, एजंटने नीट समजावून दिलं होतं. मी रेट फंक्शन टाकलं, २० हप्ते, उणे २४,०००, मग शून्य, मग ८,५०,०००, आणि हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरतात म्हणून शेवटी एक. उत्तर आलं ५.२ टक्के. मला वाटलं मी मोठा शोध लावला आणि मी तावातावाने बोलत सुटले, फसवलं तुम्हाला, बंद करा ही. बाबा काही बोलले नाहीत, फाइल उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी व्याजदराकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, या पॉलिसीत विमा किती रकमेचा आहे? पाच लाख. घरखर्च किती? तीस हजार. मग भाग दे. पाच लाखांत आमचं घर १७ महिनेसुद्धा चाललं नसतं, आणि बाबांवर चार माणसं अवलंबून होती. दर कमी होता तो प्रश्न दुय्यम होता, बाबांना काही झालं असतं तर आईचं काय, हा खरा प्रश्न होता आणि मी तो बघितलाच नव्हता. आणि पॉलिसीची १३ वर्षं भरून झाली होती, अशी पॉलिसी तडकाफडकी मोडायची नसते, आज मोडली तर किती मिळतील, हप्ते थांबवून पेड-अप ठेवली, म्हणजे कमी रकमेवर तशीच चालू राहू दिली, तर शेवटी किती, पुढे चालू ठेवली तर उरलेल्या हप्त्यांवर किती दर पडतो, असे तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडायचे. आम्ही ती तशीच चालू ठेवली आणि वेगळा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घेतला.

त्याच फाइलमध्ये बाबांच्या पीएफचा जुना फॉर्म सापडला. नॉमिनी आजी. लग्नाआधी भरलेला, आणि आजी जाऊन सहा वर्षं झालेली. बाबांना आठवतही नव्हतं. लग्न झालं की पीएफचं आधीचं नॉमिनेशन चालत नाही, नवीन करावं लागतं, आता ते ऑनलाइन होतं, आम्हाला वीस मिनिटं लागली. आणि नॉमिनी म्हणजे मालक नाही हेही इथेच शिकून घ्या, शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात तेच सांगितलंय, नॉमिनीच्या हातात शेअर येतात पण हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असेल त्याचा. आपल्याकडे भावाभावांत बोलणं बंद होतं ते याच गैरसमजातून.

तर तुम्ही असं करा. दरवर्षी एका घराचा पूर्ण प्लॅन करा, पहिल्या वर्षी स्वतःच्या, मग मामाच्या, मग शेजारच्या. विचारून, परवानगी घेऊन, आणि कोणाचे आकडे दुसऱ्या कोणाला न सांगता, अगदी आईलाही मामाचे नाही. आधी ऐकायचं, मग उत्पन्न-खर्च-कर्ज-विमा एका कागदावर, मग प्रश्न, सल्ला सगळ्यात शेवटी. मी बाबांशी नेमकं उलटं केलं होतं.

इंटर्नशिप बघताना त्या ऑफिसचा पैसा कुठून येतो ते आधी विचारा, लाजू नका. डिस्ट्रिब्युटरला फंड कंपनीकडून कमिशन मिळतं, सेबीकडे रजिस्टर असलेला ॲडव्हायझर ग्राहकाकडून फी घेतो. जानेवारी २०१३ पासून फंडांचे डायरेक्ट प्लॅन आहेत, त्यात कमिशन नसतं. दोन्ही काम कायदेशीर आहे आणि दोन्हीकडे चांगली माणसं आहेत, पण आपण कोणाच्या बाजूने बसलोय हे इंटर्नला पहिल्या दिवशी माहीत पाहिजे. मला एका ठिकाणी दोन महिने नुसते फोन करायला बसवलं होतं, रोज यादी द्यायचे आणि पॉलिसी विका म्हणायचे, त्यात प्लॅनिंग काहीच नव्हतं. अशा ठिकाणी थांबू नका. लहान ऑफिस बघा, दोन-तीन माणसांचं, जिथे तुम्हाला क्लायंटच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून नोट्स घेऊ देतील. पैसे कमी मिळतील, कदाचित नाहीच मिळणार, तरी चालेल. मीटिंगनंतर सरांना किंवा मॅडमना एकच विचारायचं, तुम्ही मध्येच तो प्रश्न का विचारलात?

ॲडमिशनला अजून वेळ असेल तर या आठवड्यात पॅनचा अर्ज करा, फाइव्ह-एचं वर्कबुक डाउनलोड करा, आणि घरी विचारा, पॉलिसीची फाइल कुठे असते.