डिफ-लॉक नसलेली गाडी काळ्या चिखलातून काढताना

वसमतच्या पट्ट्यात हळद निघते ती फेब्रुवारी-मार्चपासून, आणि शिजवून वाळवून बाजारात जाईपर्यंत एखादा अवकाळी पाऊस ठरलेलाच. सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलखालच्या शिवारात तर पावसाचीही गरज नसते. पाणी सुटलं आणि चारी फुटली की पांदण ओली. मी याच पांदणींतून हळदीची पोती आणतो. गाडी साधी पिकअप, जोर फक्त मागच्या दोन चाकांना, डिफ-लॉक (दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारी सोय) नाही. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप अशाच आहेत, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट पायाची. चाक जागेवर फिरलं की ॲक्सिलेटरवरचा पाय लगेच उचला. ओल्या काळ्या मातीवर चाक फिरत राहिलं तर खालचा थर चोपडा होतो, टायरच्या खाचा मातीने भरतात आणि नक्षीचा टायर गुळगुळीत टायरसारखा वागायला लागतो. त्यातच चाक खाली खाली जातं. मागचं हौसिंग (मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा, ज्यात डिफरन्शियल असतं) दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर टेकलं की गाडीचं वजन हौसिंगवर येतं, चाकांवर राहत नाही. मग पुढची कुठलीच युक्ती चालत नाही, फावडंच घ्यावं लागतं.

आता डिफरन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांना वाटून देणारी दात्यांची जोडणी, काय करतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. वेग कमीजास्त होऊ देतं, जोर नाही. समजा चिखलातलं चाक 20 किलोच्या जोरालाच घसरतं आणि कडक मुरमावरचं चाक 100 किलो सहज पेलेल. तरी मुरमावरच्या चाकाला 20 च मिळणार. गाडीला दोन्ही मिळून 40. इंजिन कितीही ताकदीचं असू द्या, कमजोर चाक जेवढं पेलेल तेवढंच दुसऱ्याच्या वाट्याला येतं. म्हणून जास्त रेस करून काही साधत नाही. एक तर त्या कमजोर चाकाची पकड वाढवा, नाहीतर फक्त त्याच चाकाला अडवा.

इथेच हँडब्रेकचा विषय येतो. हँडब्रेक दोन-तीन दाते ओढा आणि रेस द्या, गाडी निघते, असं प्रत्येक ड्रायव्हर सांगतो. माझं मत वेगळं आहे. हँडब्रेक फिरणाऱ्या चाकाला अडवतो, त्यामुळे दुसऱ्या चाकाला जास्त जोर जातो, हे खरं. पण तोच हँडब्रेक त्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच धरून असतो. वाढलेला जोर तो ब्रेकच खातो. तरी थोडा फायदा होतो, कारण जोर वाढला की डिफरन्शियलच्या आतल्या दातांचं घर्षण वाढतं आणि ते थोडा जादा जोर संथ चाकाकडे वळवतं. शिवाय भन्नाट फिरणारं चाक शांत होतं, आणि सावकाश फिरणारं चाक जास्त पकडतं. म्हणजे गाडी थोडक्यासाठी अडली असेल तेव्हाच हा उपाय. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, हँडब्रेक हलका, रेस अगदी संथ. क्लच अर्धा दाबून करू नका. जळका वास आला म्हणजे क्लचप्लेट चालली. गाडी हलली की ब्रेक लगेच सोडा. जुन्या जीपांपैकी कित्येकींत हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. तिथे हे करूच नका, तो डिफरन्शियलच्या अलीकडेच जोर अडवतो.

एकाच चाकाला अडवायचं खरं साधन आपल्या ट्रॅक्टरवर आहे. डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकची दोन वेगळी पायडलं असतात. शेतात ती दोन्ही जोडणारी पट्टी काढून, फिरणाऱ्या बाजूचं पायडल हळू दाबत न्या, जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. ट्रॅक्टरचं डिफ-लॉकही आहे, पण ते वळताना लावायचं नाही. रस्त्यावर यायच्या आधी मात्र दोन्ही पायडलं पट्टीने जोडा. एकच ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो आणि उलटतो. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हेच काम करतो, फिरणाऱ्या एकट्या चाकाचा ब्रेक दाबतो. अशी गाडी असेल तर खालून कटकट आवाज आला तरी पाय उचलू नका, एकसारखी हलकी रेस ठेवा, नाहीतर ते यंत्र काम सुरू करून मध्येच थांबतं.

पिकअपला हे काही नाही, म्हणून पकड वाढवायची.

वजनापासून सुरू करा. रिकामी पिकअप मागून हलकी असते आणि निसरड्या थरावर तीच आधी घसरते. खाली कडक जमीन आणि वर दोन-चार बोटं चिखल असेल, तर दोन माणसं हौद्यात, फिरणाऱ्या चाकाच्या बरोबर वर उभी करा. मागे लोंबकळू देऊ नका, चाक एकदम पकडलं की माणूस पडतो. पण चाक खोल रुतलं असेल तर उलट करा, पोती उतरवा. जास्त वजनाने ते आणखी बसतं.

मग खुरपं घ्या आणि टायरच्या खाचा, मडगार्डमध्ये ठासलेली माती काढा. हे कंटाळवाणं काम लोक टाळतात आणि तिथेच फसतात. चाकाच्या पुढे उतार कोरा, म्हणजे त्याला भिंत चढावी लागणार नाही.

भर घालायला बांधावर पऱ्हाट्या, तुराट्या असतातच. त्या आडव्या, एकमेकींना खेटून टाका. उभ्या टाकल्या तर चाक त्यांच्यावरून सटकतं. टोकदार बुडखे टायरच्या बाजूला येऊ देऊ नका, तुरीचं धसकट टायर फाडतं. उसाचं पाचट एकटं टाकू नका, चाक ते मागे फेकून देतं. वर मुरूम पसरला तर थोडं टिकतं. सगळ्यात चांगलं म्हणजे जॅकखाली जाड फळी ठेवून चाक उचलायचं आणि थेट चाकाखाली दगड-मुरूम भरायचा. काळ्या मातीत फळीशिवाय जॅक जमिनीत जातो. जॅकवरच्या गाडीखाली हात-पाय घालू नका.

हवा कमी करणं वाळूत फार कामाचं आहे, चिकट मातीत कमी. जीपच्या टायरमध्ये 30-32 पीएसआय असेल तर चिखलात 22 च्या आसपास, ओढ्याच्या वाळूत 16-18 पर्यंत. पिकअप भरलेली असताना कमी करू नका, आधी उतरवा. कमी हवेवर जोरात वळलं की टायर रिमवरून निघतो.

बाहेर निघायचं ते शक्यतो ज्या चाकोरीतून आलात तिच्यातूनच, मागे. ती माती दाबलेली असते. गाडी थोडी पुढे-मागे हलत असेल तर पहिला आणि रिव्हर्स आलटून-पालटून झोका द्या, प्रत्येक वेळी चाक फिरायच्या आत थांबा. स्टिअरिंग सरळ ठेवा. फोर बाय फोर (चारही चाकांना जोर असलेली गाडी) असेल तर मात्र पुढची चाकं थोडी डावी-उजवी हलवत राहा, टायरची कड कोऱ्या मातीत चावते. त्या गाडीतही पुढचं एक आणि तिरकं मागचं एक चाक मोकळं झालं की चारही थांबतात. म्हणून खोल चारी तिरकी ओलांडू नका. जुन्या जीपच्या पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करायचे असतात, ते चिखलात शिरायच्या आधीच करा.

ट्रॅक्टर बोलवावा लागला तर दोर गाडीच्या चासीच्या हुकाला आणि ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारला. वर, टॉपलिंकजवळ बांधला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलून तो मागे उलटतो. वायररोपवर ओलं पोतं टाका, पोरांना दोराच्या दुप्पट अंतरावर उभं करा.

आणि घाई नसेल तर थांबा. पाऊस उघडून ऊन-वारा लागला की जमिनीला वाफसा येतो, आणि सकाळी न निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी भर घालून सहज निघते. हळदीच्या पोत्यांवर ताडपत्री टाकून वाट बघणं क्लचप्लेटपेक्षा स्वस्त पडतं.

डांबरीवर आल्यावर हवा भरा, रिमच्या आतली माती खरवडून काढा, नाहीतर ती वाळून वेगात स्टिअरिंग थरथरतं. ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून ड्रम कोरडे करा. हौसिंग पाण्यात बुडालं असेल तर त्याचं ऑइल बघून घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बदलूनच पुढची खेप करा.