कृपेवर विसंबून रोजची प्रार्थना कशी करावी

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सकाळी आठलाच पत्रे तापू लागतात, म्हणून प्रार्थनेची वेळ पहाटेची ठेवावी; घराला जाग येण्यापूर्वीची पंधरा मिनिटेही पुष्कळ आहेत. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात प्रभू येशू खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगतो. एकाच खोलीत सहा माणसे झोपणाऱ्या घरात ही खोली म्हणजे गच्चीचा कोपराही असू शकतो.

आरंभी मागणे नको. बायबलच्या स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी एक सावकाश, ओठ हलवून वाचावे आणि जी ओळ मनाला लागेल तिथेच थांबावे. मन भरकटेल. माझेही रोज भरकटते आणि त्याबद्दल मी अनेक वर्षे स्वतःलाच दोष देत राहिलो. मागावर ताण्याचा धागा तुटला की विणकर माग थांबवतो, दोन्ही टोके बोटांत धरून गाठ मारतो आणि पुढे विणू लागतो. तसेच त्या ओळीकडे परत यावे.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात प्रेषित पौल स्पष्ट सांगतो, की तारण, म्हणजे पापातून सुटका, हे देवाने कृपेने दिलेले दान आहे, कर्मांचे फळ नव्हे. म्हणून चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट प्रार्थनेने करू नये. राग, मत्सर, व्यसन, जे सुटत नाही ते नाव घेऊन देवापुढे ठेवावे, ‘प्रभू, हे माझ्याने होत नाही’ एवढेच म्हणावे आणि क्षणभर गप्प बसावे. याचा अर्थ हातपाय गाळणे असा मुळीच नाही: ज्या भावाशी अबोला आहे, त्याच्या दारी त्याच दिवशी जावे, मात्र निघण्यापूर्वी बळ मागून घ्यावे.