सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही: पेट्रोल गाडीतला दोष कसा शोधायचा

चावी फिरवली की सेल्फ नेहमीच्या जोरात फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. अशा वेळी जमलेल्यांपैकी एक जण बॅटरी बदलायला सांगतो आणि दुसरा धक्का मारायला. सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी आपलं काम करते आहे. धक्का मारून इंजिन फिरवणं हे सेल्फचंच काम आहे आणि ते तर होतंच आहे. उलट धक्का मारताना न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो महागडा भाग खराब होऊ शकतो. तिसरा सल्ला पेट्रोल पंप बदलण्याचा असतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात.

हे सगळं फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलची तपासणी वेगळी.

गाडी साचलेल्या पाण्यातून आली असेल तर मात्र सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळे प्लग काढायचे, एअर फिल्टर ओला आहे का पाहायचं, मग पुढचं.

आधी कान द्या. इंजिन फिरताना एका लयीत ठोके ऐकू येतात, ते कॉम्प्रेशनचे. ठोके गायब होऊन नुसतं हलकं, वेगवान घूंऽऽऽ ऐकू येत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची किंवा चेन सुटल्याची दाट शक्यता आहे. तिथेच थांबा, पुढचा प्रत्येक सेल्फ व्हॉल्व्हच्या जिवावर बेततो.

ठोके ठीक असतील तर चावी ऑन करून मीटरकडे बघा. चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर बहुधा ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वीज मिळत नाही. मेन रिले आणि त्याचा फ्यूज तपासा. इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचा, दिवा लुकलुकत असेल तर दुसरी चावी वापरून पाहा. पेट्रोलचा काटा बघा, विशेषतः सीएनजी गाडीत. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात आणि टाकीच्या तळाशी दोन लिटर ठेवून वर्षभर गॅसवर फिरणाऱ्यांचे पंप कोरडे चालून जळतात. काही फोर्ड आणि फियाट गाड्यांत जोराच्या धक्क्याने पेट्रोल बंद करणारा स्विच असतो. मोठ्या खड्ड्यानंतर गाडी बंद पडली असेल तर त्याचं बटण दाबा.

आता करंट, म्हणजे प्लगची ठिणगी. पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे पेट्रोल उडणार नाही. एक प्लग काढून त्याच्या कॉइलमध्ये (प्लगला करंट देणारा भाग) बसवा, प्लगची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूला पक्की टेकवा आणि कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका. कॉइलचा व्होल्टेज हजारोंमध्ये असतो. दहा-पंधरा रिकाम्या सेल्फनंतर प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ निघते, म्हणून ठिणगी त्या भोकापासून लांब ठेवा. स्पार्क टेस्टर मिळाला तर तोच वापरा. ठिणगी निळसर, कडकडीत हवी. मग फ्यूज परत लावा आणि इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणारा भाग) कनेक्टरवर नॉइड लाइट, म्हणजे तपासणीचा छोटा दिवा, लावून तो लुकलुकतो का पाहा.

करंट आहे आणि प्लग कोरडा आहे: पेट्रोल पोचत नाही. पंपाचा आवाज येतो म्हणून पंप चांगला, असं समजू नका. रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर, दाबाचा गेज लावा. बहुतेक गाड्यांत साधारण 3 बार दाब लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. करंट आहे आणि प्लग पेट्रोलने भिजलेला आहे: इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलंय. प्लग सुकवा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. बहुतेक ईसीयू तेव्हा इंजेक्टर बंद ठेवतात. तरीही पकडत नसेल तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पेट्रोलमध्ये पाणी आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. इंजेक्टर चालतो पण करंट नाही: कॉइलचा फ्यूज, अर्थिंग आणि कॉइल तपासा.

करंटही नाही आणि इंजेक्टरही गप्प

खरा घोळ इथे होतो. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंद घुरघुर येते आणि थांबते. हे बरोबर आहे. त्यानंतर इंजिन फिरत असल्याची खबर मिळाल्याशिवाय ईसीयू पंप पुन्हा चालू करत नाही. ती खबर क्रँक सेन्सर देतो, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या क्रँकशाफ्टवर लक्ष ठेवणारा सेन्सर. सेन्सर गप्प असेल तर ईसीयूच्या दृष्टीने इंजिन उभंच आहे, मग तो करंट सोडत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि पंपही चालवत नाही. गॅरेजमध्ये सेल्फ मारताना पंपाला वीज नाही असं दिसतं आणि पंप बदलला जातो. नवा पंपही तसाच गप्प बसतो. म्हणून तिन्ही गोष्टी एकदम बंद दिसल्या तर पंपाला हात लावू नका.

स्कॅनर लावा, साधा ब्लूटूथवाला ईएलएम327 चालेल, आणि लाइव्ह डेटामध्ये आरपीएम बघत सेल्फ मारा. 150 ते 250 च्या आसपास आकडा दिसायला हवा. शून्य दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर. सेल्फ मारताना बॅटरी 9.6 व्होल्टच्या खाली जात असेल तर स्वस्त डोंगल (म्हणजे हाच छोटा स्कॅनर) स्वतःच बंद पडून शून्य दाखवू शकतं, त्यामुळे आधी मल्टिमीटरने ते तपासा. आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो: "कोड आला नाही, म्हणजे सेन्सर ठीक आहे" हे म्हणणं मान्य करू नका. क्रँक सेन्सरचा P0335 हा दोषाचा कोड स्कॅनरवर आला तर उत्तमच, पण सिग्नल पूर्ण गेल्यावर कित्येकदा ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो कोड कशाचा टाकणार? कॅम सेन्सरच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरचा सेन्सर) P0340 कोडवर बहुतेक गाड्या जरा जास्त सेल्फ घेऊन का होईना, सुरू होतात. त्याच्यामागे आधी लागू नका.

सेन्सरच्या पिना मोजा. दोन असतील तर सहसा चुंबकीय सेन्सर असतो: मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारताना साधारण अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसायला हवा. तीन असतील तर बहुधा हॉल सेन्सर, म्हणजे बाहेरून वीज लागणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर. त्याचा ओहम मोजू नका, त्यातून काही कळत नाही. कनेक्टर काढून चावी ऑन करा, वायरिंगच्या बाजूला 5 किंवा 12 व्होल्ट आणि पक्कं अर्थिंग मिळतं का ते पाहा. मिळत नसेल तर दोष वायरिंगचा आहे, नवा सेन्सर आणू नका. मिळत असेल तर कनेक्टर जोडून सिग्नलच्या वायरवर मीटर ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने हळू फिरवा. आकडा खाली-वर उडायला हवा. मल्टिमीटरच्या वायरीचं टोकदार टोक कनेक्टरच्या मागून सरकवा. वायरचं आवरण टोचलं की त्यातून ओल शिरते आणि पावसाळ्यानंतर तांब्यावर हिरवा गंज चढतो. कोकणात तर हमखास.

सगळ्यात फसवा प्रकार गरम इंजिनाचा. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू, पेट्रोल भरायला थांबलात आणि दहा-पंधरा मिनिटांनी पकडत नाही, तासाभराने पुन्हा ठणठणीत. इंजिन बंद झाल्यावर पाणी आणि वारा फिरायचा थांबतो, उष्णता सेन्सरपर्यंत चढते आणि आतली बारीक तार तुटते. गार झाली की जुळते. म्हणून गार इंजिनावर मोजलेला ओहम बरोबर आला तरी काही सिद्ध होत नाही. दोष चालू असतानाच सेन्सरवर गार पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं ठेवा, पण फिरणाऱ्या बेल्टपासून लांब. त्यानंतर गाडी सुरू झाली, तर सेन्सरच दोषी धरा.

नवा मागवण्यापूर्वी सेन्सरपासून वर जाणारी वायर बोटांनी पूर्ण चाचपा. उंदरांनी कुरतडलेली वायर वरून शाबूत दिसते आणि एका बाजूला वाकवली की उघडी पडते. सेन्सर काढल्यावर टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसा. कधी कधी तेवढ्यानेच सिग्नल परत येतो.

सेन्सर मूळ कंपनीचाच घ्या. स्वस्त नकली सेन्सरची लांबी मिलिमीटरच्या अंशाने जरी चुकली, तरी क्रँकच्या दातेरी चाकापासूनचं अंतर बदलतं आणि कमी वेगात सिग्नल क्षीण होतो. सेन्सरच्या ओ-रिंगला (रबरी रिंग) तेलाचं बोट लावा, बोल्ट हाताने सुरू करून हलका आवळा.

मग गाडी वीस मिनिटं चालवा, बंद करा, पंधरा मिनिटं थांबा आणि सेल्फ मारा. असं तीनदा करा.