मध्यरेषेपासून मोजा : छोट्या सीएनसीवर पहिली बोट कापण्याआधी

माझ्या पहिल्या मॉडेल बोटीच्या पोटात, उजव्या बाजूला, ४० ग्रॅम शिसं चिकटवलेलं आहे. ते काढलं की बोट डावीकडे कलते. तिच्यावर माझ्या चार महिन्यांच्या संध्याकाळी गेल्या आहेत आणि ती का कलते हे कळायला त्यानंतर आणखी तीन आठवडे लागले. हा लेख त्या एका चुकीसाठी आहे. बाकीचं जाता जाता सांगेन.

तुमच्याकडे ३०१८ सारखं छोटं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन, आलंय, एखादी नेमप्लेट कापून झालीय, जीकोड, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची यादी, वाचून साधारण समजतो, असं धरून चालतो. मशीनच्या बोर्डावर जीआरबीएल, म्हणजे हे हुकूम मोटरींपर्यंत नेणारा प्रोग्राम, कसा चढवायचा, एका मिमीला मोटरच्या किती स्टेप्स हे कसं जुळवायचं, ते शंभर ठिकाणी सांगितलेलं आहे आणि चांगलं सांगितलेलं आहे.

माझं आजोळ रत्नागिरी. मासेमारीच्या पावसाळी बंदीच्या दिवसांत मिरकरवाडा बंदरात वर ओढून ठेवलेल्या एका लाकडी ट्रॉलरची मापं मामाच्या ओळखीने टेप लावून घेतली. लांबी १२ मीटर, रुंदी ३.६ मीटर. १:२० प्रमाण धरलं की मॉडेल ६०० मिमी लांब आणि १८० मिमी रुंद. ३०१८ चा बेड ३०० गुणिले १८० मिमी, म्हणजे सगळ्यात रुंद फ्रेमसुद्धा (बोटीची आडवी फासळी) लांबीच्या बाजूने आडवी मावते. कील, म्हणजे बोटीचा तळातला कणा, मात्र तीन तुकड्यांत कापून तिरक्या सांध्याने जोडावी लागली. वजनाचा हिशोब आधी करून ठेवा. लांबी विसाव्या हिश्शावर आली की वजन आठ हजाराव्या हिश्शावर येतं. १६ टनांची बोट असेल तर मॉडेलचं वजन २ किलो, आणि बॅटरी, मोटर, रिसीव्हर, सर्व्हो हे सगळं त्या दोन किलोंत बसवायचं. एवढ्या हलक्या बोटीत एका बाजूचे २ मिमी म्हणजे किरकोळ बाब नव्हे. मला ती किरकोळ वाटली होती.

आता ती चूक. इथे जरा सावकाश वाचा.

फ्रेमचं चित्र आपण अर्धंच काढतो. बोट दोन्ही बाजूंनी सारखी असते, म्हणून मध्यरेषेपासून उजवीकडचा अर्धा भाग काढायचा, त्याची प्रत करायची, आरशासारखी उलटायची आणि पहिल्याला चिकटवायची. सगळे असंच करतात आणि त्यात काही गैर नाही. मी इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कीलच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून बाहेरच्या वळणाने डेकपर्यंत गेलो आणि डेकवरून परत मध्यरेषेपर्यंत आलो. मग प्रत उलटून शेजारी सरकवली. दोन्ही अर्धे एकमेकांना टेकलेले दिसले. खात्री म्हणून आत रंगही भरून पाहिला. पूर्ण फ्रेम छान भरली, कुठे फट नाही.

ही खात्रीच खोटी होती. इंकस्केपचा यात दोष नाही, ते ज्या प्रकारची फाइल बनवतं त्या एसव्हीजीचा नियमच तसा आहे : आकार उघडा असला तरी रंग भरताना त्याची दोन टोकं सरळ रेषेने जोडलेली धरली जातात. माझे दोन्ही अर्धे उघडेच होते. प्रत्येकाची टोकं मध्यरेषेवर होती, रंग तिथपर्यंत भरला आणि दोन अर्धे मिळून एक फ्रेम दिसली. डोळ्याला एक, फाइलमध्ये दोन.

मग काय बिघडलं, असं वाटेल. बिट, म्हणजे कापणारं फिरतं पातं, गोल असतो आणि त्याला जाडी असते. माझा २ मिमीचा होता. रेषेवरून बिटचा मध्य नेला तर तो दोन्हीकडे १-१ मिमी खातो, म्हणून त्याला रेषेच्या १ मिमी बाहेरून न्यावं लागतं. लिनक्ससीएनसी किंवा माक३ सारख्या, मोठ्या मशीनवरच्या नियंत्रक सॉफ्टवेअरमध्ये यासाठी जी४१ आणि जी४२ हे हुकूम आहेत. जीआरबीएल हे हुकूम घेत नाही. आपल्या छोट्या मशीनला बिट २ मिमीचा आहे की ६ मिमीचा, हे कधीच माहीत नसतं. सरकवण्याचं सगळं काम टूलपाथ, म्हणजे बिटची वाट, काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं. आणि सॉफ्टवेअरला ‘बाहेर’ म्हणजे कुठे हे कळायचं तर आकार बंद हवा. उघड्या रेषेला आत आणि बाहेर नसतं. तिला फक्त डावं आणि उजवं असतं, तेही रेष ज्या दिशेने काढली त्या दिशेने तोंड करून.

आता आरसा आठवा. माझे दोन्ही अर्धे कीलपासून सुरू होऊन डेककडे जात होते. उजव्या अर्ध्यावरून चालत निघालात तर बोटीचं बाहेर तुमच्या उजव्या हाताला. डाव्या अर्ध्यावरून निघालात तर बाहेर तुमच्या डाव्या हाताला. सॉफ्टवेअरने दोन्ही रेषांना ‘उजवी बाजू’ लावली. त्यामुळे उजवा अर्धा बरोबर कापला गेला आणि डाव्या अर्ध्यात बिट रेषेच्या आतून फिरला. १ मिमी बाहेर असायचा तो १ मिमी आत, म्हणजे कड बिटच्या पूर्ण जाडीएवढी, २ मिमी, कमी झाली. कीलची खाच वेगळा, बंद चौकोन होती, ती अचूक मध्यावर बसली.

चुकीच्या खुणा समोर होत्या आणि मी त्या झटकल्या. प्रत्येक फ्रेमच्या वरच्या कडेला, बरोबर मधोमध, २ मिमीची पायरी होती. मला वाटलं शेवटच्या फेरीत प्लाय हलला. कानस घेतली आणि सपाट केली. अकरा फ्रेम्स, अकरा वेळा. स्पष्टच सांगतो : एकच खोट अकरा तुकड्यांवर एकाच जागी आली तर ती प्लायची नसते, क्लॅम्पची नसते, मशीनचीही नसते. ती फाइलमध्ये असते. हातातली कानस खाली ठेवा आणि फाइल उघडा.

रुंदी मोजली तर १८० ऐवजी १७८ भरली. म्हटलं, वर प्लँकिंग, म्हणजे फळ्यांचं आवरण, येणारच आहे, भरून निघेल. कॅमोटिक्स या सॉफ्टवेअरमध्ये कापण्याचं सिम्युलेशनही पाहिलं होतं. ते खोटं बोललं नव्हतं, पण स्क्रीनवर १८० मिमीची फ्रेम पूर्ण दिसत असताना २ मिमी डोळ्यांना दिसत नाहीत. मी झूम करून मध्यरेषेपाशी गेलो नाही.

पुढचे तीन महिने फळ्या चिकटवण्यात गेले. बाथरूममधल्या टबात पाणी भरून बोट सोडली आणि ती डावीकडे झुकली. बॅटरी सरकवली. मोटर सोडवून परत बसवली. शेवटी जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या उजवीकडे चिकटवल्या तेव्हा ती सरळ झाली. माझा समज, फळ्या एका बाजूला जड लागल्या असाव्यात.

कारण सापडलं ते भोसरीच्या एका टूल रूममधून (कारखान्याची साचे आणि हत्यारं बनवणारी शाखा) निवृत्त झालेल्या काकांमुळे. आमच्याच सोसायटीत राहतात. जास्तीची कापलेली एक फ्रेम टेबलावर पडली होती, ती त्यांनी उचलली आणि माझ्या हातातला व्हर्निअर, जबड्यात धरून मोजायचं साधन, घेतला. पूर्ण रुंदी मोजलीच नाही. जबड्याचं एक टोक कीलच्या खाचेच्या कडेला टेकवलं, दुसरं फ्रेमच्या उजव्या कडेला. ८७. मग खाचेची दुसरी कड आणि डावी बाजू. ८५. व्हर्निअर माझ्यापुढे धरून म्हणाले, “अरे, अख्खी रुंदी काय मोजतोस? मध्य धर, दोन्हीकडे मोज. सारखं आलं तरच पुढचं काम.” खाच ६ मिमीची. ८७, ६ आणि ८५ मिळून १७८. सगळा हिशोब तिथे होता. मी चुकीच्या ठिकाणाहून मोजत होतो.

आता मी काय करतो ते सांगतो. इंकस्केपमध्ये दोन्ही अर्धे झाल्यावर एकावर क्लिक करून तो बाजूला ओढून पाहतो. दुसरा जागेवर राहिला तर ते अजून दोन आहेत. कंट्रोल-झेड करून परत आणायचे, दोन्ही निवडून कंट्रोल-के ने एकत्र करायचे. पण एवढ्याने टोकं जुळत नाहीत, इथे पुष्कळ जण थांबतात. नोड टूल घ्या, खालची दोन टोकं निवडा, शिफ्ट-जे. वरची दोन टोकं निवडा, परत शिफ्ट-जे. मग आकार खरोखर बंद होतो. फ्रीकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या स्केचरमध्ये काम करत असाल तर ‘व्हॅलिडेट स्केच’ नावाचं साधन आहे, ते न जुळलेली टोकं शोधून दाखवतं आणि जोडूनही देतं. चित्राची डीएक्सएफ फाइल बाहेरून आलेली असेल तर ते चालवल्याशिवाय टूलपाथकडे वळूच नका.

दुसरी तपासणी कागदावर. स्पिंडल (बिट फिरवणारा भाग) बंद, बिट धरणाऱ्या कोलेटच्या जागी स्केचपेनची रिफिल टेपने घट्ट बांधायची, बेडवर फ्रेमचं खऱ्या मापाचं प्रिंट चिकटवायचं आणि तोच जीकोड कागदाच्या उंचीवर चालवायचा. पेन काढते ती बिटच्या मध्याची वाट. २ मिमीच्या बिटला ती छापील रेषेच्या सगळीकडून १ मिमी बाहेर दिसली पाहिजे. एके ठिकाणी जरी रेष ओलांडून आत गेली तरी लगेच दिसतं. यात दहा मिनिटं जातात आणि प्लायचा तुकडाही लागत नाही. ही दहा मिनिटं वाचवण्यात माझे चार महिने गेले.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. मी आता फ्रीकॅड वापरतो. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, टूलपाथच्या विभागाचं जुनं नाव पाथ होतं, आता कॅम आहे, त्यामुळे जुने व्हिडिओ पाहताना गोंधळू नका. सुरुवातीला जड जातं, हे खरं आहे. एस्टलकॅम शिकायला सोपं आहे, सपाट फ्रेम्ससाठी ते पुरतं. काहीही घ्या, पण वर्षभर एकच घ्या. सॉफ्टवेअर बदलून कुणाची बोट सरळ झालेली मी पाहिलेली नाही. फाइल उघडीच असेल तर ती नव्या सॉफ्टवेअरमध्येही उघडीच राहते.

तयार जीकोड उतरवून घेऊन कापण्याच्या मी विरोधात आहे, आणि हे मत बदलणार नाही. त्या माणसाचा बिट वेगळा, प्लाय वेगळा, त्याचा शून्य वेगळ्या जागी. चित्राची फाइल घ्या, टूलपाथ स्वतः काढा. पैसे भरून केलेल्या दोन दिवसांच्या कोर्समध्ये मला फीड आणि स्पीडचे तक्ते मिळाले. मध्य धरून मोजायला शिकवलं ते काकांनी. तुमच्या आसपास जुना टूल रूमवाला, पॅटर्न मेकर, हत्यारं स्वतः धार लावून वापरणारा सुतार कुणी असेल, तर त्याच्याकडे एक चुकलेला तुकडा घेऊन जा. चांगला तुकडा नको, चुकलेलाच न्या. अशी माणसं चुकलेल्या तुकड्यावर मनापासून बोलतात.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकतो. बाजारात ३ मिमी म्हणून मिळणारा प्लाय ३ मिमी नसतो. माझा एक २.७ भरला, दुसरा ३.२. खाच कापण्याआधी मोजा. चित्र लहान-मोठं केलंत की खाचही लहान-मोठी होते, प्लाय मात्र तेवढाच राहतो, म्हणून खाचा नेहमी प्रमाण बदलून झाल्यावर काढा. गोल बिट आतला कोपरा चौकोनी कापू शकत नाही, तिथे बिटच्या त्रिज्येएवढी गोलाई उरते आणि कील तळापर्यंत बसत नाही. कोपऱ्यात कुत्र्याच्या हाडासारखी छोटी पोकळी द्या किंवा पातळ कानशीने कोपरा काढा. आणि तुमची मापं बोटीच्या बाहेरून घेतलेली असतील तर फ्रेममधून फळीची जाडी वजा करायला विसरू नका. माझी फळी १.५ मिमी, म्हणजे रुंदीत ३ मिमी.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर सांगतो, मशीनची भीती धरू नका. २ मिमीचा बिट, एका फेरीत १ मिमी खोली, मिनिटाला ४०० मिमी वेग, एवढ्यावर प्लाय शांतपणे कापला जातो. बिट मोडला तर मोडला, नवा लावता येतो. मी सहा मोडले. पहिली एक फ्रेम मात्र फ्रेट सॉने हातानेच कापा. मध्यरेष, खाच, कड ही एकदा हाताखालून गेली की स्क्रीनवर काय पाहायचं ते आपोआप कळतं.

दुसऱ्या बोटीच्या अकराही फ्रेम्स खाचेच्या कडेपासून मोजल्या. सगळ्यात मोठा फरक ०.१ मिमी. टबात सोडली, दोन्ही बाजूंना पाणी एकाच खुणेला लागलं. शिसं लागलं नाही.

फ्रेमच्या कडांचा तिरकस उतार मात्र मी अजून हातानेच काढतो. सरळ बिटचं तीन अक्षांचं मशीन कड उभीच कापतं, आणि नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, फळी वळते तिथे ती उभी कड फळीला एका धारेवरच टेकते. १.५ मिमी जाड, ५ मिमी रुंद पट्टी तीन फ्रेम्सवर वाकवून धरायची, मधल्या फ्रेमवर ती कुठे टेकते ते पेन्सिलने खुणवायचं, आणि पॉलिश पेपर चिकटवलेल्या लाकडी पट्टीने खुणेपर्यंत घासायचं. एकदा उजवी बाजू, लगेच तीच फ्रेम डावीकडे. एक बाजू पूर्ण संपवून मग दुसरीकडे गेलात तर हात थकलेला असतो आणि दोन उतार सारखे येत नाहीत.