स्लाइडला ट्रान्झिशन देताना या चुका टाळा

"तिसऱ्या स्लाइडवरून चौथीवर जाताना ट्रान्झिशन हवं होतं, म्हणून तिसरी निवडून दिलं. पण ते दिसतंय दुसरीवरून तिसरीवर येताना!" पॉवरपॉइंट नव्याने शिकणाऱ्यांकडून ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलेलं नसतं. ट्रान्झिशन, म्हणजे एक स्लाइड जाऊन दुसरी येताना दिसणारा परिणाम, हे येणाऱ्या स्लाइडचं असतं, जाणाऱ्या स्लाइडचं नाही. त्यामुळे चौथी स्लाइड कशी यावी हे ठरवायचं असेल, तर चौथीच निवडायची. एवढं लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो. ट्रान्झिशन दिलेल्या स्लाइडच्या छोट्या चित्राशेजारी चांदणीची खूण दिसते, पण स्लाइडमधल्या मजकुराला अ‍ॅनिमेशन दिलं तरी तीच खूण येते. म्हणून चांदणीवर विसंबू नका, 'ट्रान्झिशन्स' टॅब उघडून खात्री करा.

स्लाइड आपोआप पुढे पळतात

आपण अजून पहिला मुद्दा समजावून सांगतोय आणि पडद्यावर पुढची स्लाइड आलेली, ही अवस्था फार केविलवाणी असते. बोलणाऱ्याची लय तुटते आणि ती पुन्हा जुळायला वेळ लागतो. याचं मूळ बहुधा 'ट्रान्झिशन्स' टॅबमधल्या 'अ‍ॅडव्हान्स स्लाइड' या भागात असतं. तिथे 'ऑन माउस क्लिक' आणि 'आफ्टर' असे दोन चौकोन आहेत. 'आफ्टर'वर टिक असेल, तर दिलेली वेळ संपताच स्लाइड बदलते. दोन्हींवर टिक असेल, तर क्लिक आणि वेळ यांपैकी जे आधी होईल ते लागू होतं.

"पण मी तर 'आफ्टर'ला हातही लावला नव्हता," असं अनेक जण म्हणतात आणि ते खरंच असतं. तयारी करताना 'रिहर्स टायमिंग्ज' वापरलं आणि शेवटी वेळा जतन करायच्या का या प्रश्नाला 'येस' म्हटलं, तर प्रत्येक स्लाइडच्या 'आफ्टर'मध्ये तुमच्या सरावाची वेळ जाऊन बसते. सरावात भरभर बोललात, तर प्रत्यक्ष कार्यक्रमात स्लाइडही भरभर पळणार. भाषणाला पाच मिनिटं उरली असताना हे लक्षात आलं, तर एकेक स्लाइड दुरुस्त करत बसू नका. 'स्लाइड शो' टॅबमधली 'यूज टायमिंग्ज'वरची टिक काढा. वेळा फाइलमध्ये राहतील, पण लागू होणार नाहीत.

याच्या उलटही घडतं. माउस कितीही दाबला तरी स्लाइड हलत नाही, पण बाणाच्या कळीने पुढे जाते. म्हणजे 'ऑन माउस क्लिक'वरची टिक गेली आहे.

'अप्लाय टू ऑल' दाबण्याआधी थांबा

हे बटण फक्त परिणाम सगळीकडे लावत नाही. त्या स्लाइडचा कालावधी, आवाज आणि 'आफ्टर'ची वेळ हे सारं इतर स्लाइडनाही चिकटतं. एका स्लाइडवर हौसेने टाळ्यांचा आवाज ठेवला असेल, तर तो आता प्रत्येक स्लाइडला वाजेल. चूक लगेच कळली तर कंट्रोल + झेड आहेच. आवाजाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ट्रान्झिशनला आवाज देऊच नका. ऐकणाऱ्याचं लक्ष तुमच्या वाक्यावरून उडतं आणि ते परत आणणं सोपं नसतं.

दुसऱ्या फाइलमधून आणलेल्या स्लाइड आपलं जुनं ट्रान्झिशन सोबत घेऊन येतात. चौघांनी मिळून केलेल्या सादरीकरणात एक स्लाइड फिरत येते, दुसरी घडी उलगडत येते, ती यामुळेच. सगळं एकत्र झाल्यावर एकच साधं ट्रान्झिशन सर्वांना द्या. 'फेड' किंवा 'पुश' पुरेसं आहे. कालावधी एका सेकंदाच्या आतच असावा. दोन सेकंदांचं ट्रान्झिशन एकदा सुंदर वाटतं, तीस स्लाइडमध्ये मात्र त्यातच एक मिनिट जातं. 'पुश'ची दिशा मात्र विचार करून निवडा. टप्प्याटप्प्याने पुढे जाणारी प्रक्रिया दाखवताना प्रत्येक स्लाइड उजवीकडून आली, तर पाहणाऱ्याला क्रम न सांगता कळतो. मध्येच एखादी वरून आली, तर विषय बदलला असं त्याला वाटतं.

'मॉर्फ' चालत नाही तेव्हा

'मॉर्फ'मध्ये एका स्लाइडवरची वस्तू सरकत, आकार बदलत पुढच्या स्लाइडवर जाते. त्यासाठी दोन्ही स्लाइडवर तीच वस्तू असावी लागते. पुढच्या स्लाइडवर नवा आकार काढला, तर सॉफ्टवेअरला दोघांचं नातं कळेलच असं नाही, आणि साधा 'फेड' दिसतो. म्हणून आधी स्लाइडची प्रत काढा आणि त्या प्रतीवरच वस्तू हलवा. वर्तुळाचा त्रिकोण करायचा असेल, तर ऑल्ट + एफ१० दाबून 'सिलेक्शन पेन' (स्लाइडवरच्या वस्तूंची यादी) उघडा आणि दोन्ही आकारांना एकच नाव द्या, सुरुवातीला दोन उद्गारचिन्हं लावून, उदाहरणार्थ '!!आकार'. मग जोडी जुळते. आलेखांमध्ये मात्र खांब वाढताना दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. तिथे एक आलेख विरून दुसरा येतो.

फाइल गूगल स्लाइड्समध्ये उघडणार असाल, तर तिथे मोजकीच ट्रान्झिशन आहेत हे ध्यानात घ्या. 'मॉर्फ'वर बेतलेली गोष्ट तिथे कोलमडते. पीडीएफमध्ये तर काहीच हलत नाही. फाइल जिथे दाखवायची आहे, तिथेच एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहा.

ऑनलाइन बैठकीत स्क्रीन शेअर करताना पूर्ण पडदा बदलणारी ट्रान्झिशन समोरच्याला अडखळत दिसू शकतात. गरगर फिरणाऱ्या परिणामांनी काहींना भोवळही येते. अशा वेळी फाइलची वेगळी प्रत काढा, सगळ्या स्लाइड निवडा आणि ट्रान्झिशन 'नन' करा. 'नन' केल्यावरही 'आफ्टर'ची वेळ तशीच राहते, ती वेगळी काढावी लागते.